आगीच्या वेळी हुकूम कोणाचा? शहराच्या अग्निशमन दलाची रचना, कामे आणि अधिकार

डिसेंबर १८४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात मोठी आग लागली तेव्हा तिथले नगरप्रमुख जॉन गिअरी यांनी आगीच्या वाटेत उभे असलेले एक घर सुरुंगाने उडवून देण्याचा हुकूम दिला. ते घर पडले म्हणजे मधे मोकळी जागा होईल आणि जाळ पलीकडच्या घरांपर्यंत पोचणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता. घरमालक सुरोको त्या वेळी आतले सामान बाहेर काढत होता आणि अजून थोडा वेळ मिळाला असता तर आणखी सामान वाचले असते, असे त्याचे म्हणणे होते. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला, तो खालच्या न्यायालयात जिंकला, पण १८५३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ते घर तसेही जळणारच होते, शहर वाचवण्यासाठी ते पाडणे गरजेचे होते आणि अशा गरजेच्या वेळी सद्‌हेतूने काम करणाऱ्या माणसाकडून भरपाई मागता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

याच्या उलट गोष्ट लंडनची आहे. सप्टेंबर १६६६ मध्ये त्या शहरात आग पसरू लागली तेव्हा महापौर थॉमस ब्लडवर्थ यांच्यासमोरही हाच प्रश्न होता. घरे पाडली तर ती पुन्हा बांधून देण्याचा खर्च कोण करणार, या विचाराने ते कचरले. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे जळाली. वेळीच पाडापाडी झाली असती तर आग थांबलीच असती, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मात्र, ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या पाठीशी कायदा नसेल तर तो निर्णय घेत नाही, एवढे त्यावरून नक्की दिसते.

अग्निशमन दलाची माहिती सहसा गाड्या, शिड्या आणि हुद्दे यांच्या यादीने दिली जाते. माझ्या मते ती उलट बाजूने समजून घेणे सोपे जाते. परवानगी न घेता दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा, त्याचे दार फोडण्याचा आणि प्रसंगी भिंत पाडण्याचा अधिकार शहराने काही माणसांना दिला, आणि हा अधिकार त्यांनी नेमका, वेगाने व शिस्तीत वापरावा म्हणून त्यांच्याभोवती एक यंत्रणा उभी केली. तिलाच आपण अग्निशमन दल म्हणतो.

एका आगीवर एकच अधिकारी

या यंत्रणेचा पहिला नियम असा की घटनास्थळी एका वेळी एकाच माणसाचा हुकूम चालतो. हा नियम आज इतका साधा वाटतो की तो कधी नव्हता यावर विश्वास बसत नाही. १८२४ मध्ये एडिनबर्ग शहराने आपले अग्निशमन दल उभारले आणि जेम्स ब्रेडवुड या चोवीस वर्षांच्या तरुणाला त्याचा प्रमुख नेमले. दल उभे राहून काही आठवडेच झाले असताना नोव्हेंबरमध्ये शहराच्या मध्यभागी भीषण आग लागली. तिथे जमलेले दंडाधिकारी, नगराचे पदाधिकारी आणि प्रतिष्ठित मंडळी आपापल्या परीने परस्परविरोधी हुकूम सोडू लागली, आणि ते बाजूला सारून काम करण्याइतका अधिकार ब्रेडवुड यांच्याकडे नव्हता. आग शमल्यानंतर, आगीच्या ठिकाणी दलाच्या प्रमुखाचाच शब्द अंतिम राहील, हे तत्त्व मान्य झाले.

असाच धडा एकशेवीस वर्षांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फार मोठी किंमत मोजून मिळाला. १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन या जहाजावर आग लागली. त्यावर कापसाच्या गाठींबरोबर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. जहाज बाहेर समुद्रात न्यावे की जागीच बुडवावे, यावर निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी निरनिराळी मते देत राहिले, आणि त्यातले कोणतेही एक मत हुकूम म्हणून अमलात आणणारा अधिकारी तिथे नव्हता. दुपारी चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. आगीशी झुंजणारे अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दुर्घटनेत मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ.

म्हणूनच अग्निशमन दलातील हुद्द्यांची उतरंड बरीचशी सैन्यासारखी दिसते. सर्वात खाली फायरमन किंवा अग्निशामक जवान, त्याच्या वर लिडिंग फायरमन, मग केंद्राचा प्रमुख असलेला स्थानक अधिकारी, त्याच्या वर अनेक केंद्रे सांभाळणारा विभागीय अधिकारी आणि शेवटी मुख्य अग्निशमन अधिकारी. देशागणिक नावे बदलतात, पायऱ्या कमीजास्त होतात, पण गाभा हाच राहतो. मात्र एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आगीच्या जागी हुकूम नेहमी सर्वात मोठ्या हुद्द्याच्या माणसाचा असतो असे नाही. पहिली गाडी घेऊन जो अधिकारी पोचतो, तो त्या आगीचा प्रमुख ठरतो. त्याच्यापेक्षा वरिष्ठ अधिकारी नंतर आला तरी नुसता येऊन उभा राहिल्याने सूत्रे त्याच्याकडे जात नाहीत. कोण कुठे आत आहे, पाणी कुठून घेतले आहे, काय करून झाले आहे, ही माहिती घेऊन त्याने ‘आता सूत्रे माझ्याकडे’ असे स्पष्ट सांगावे लागते आणि ते नियंत्रण कक्षाला कळवावे लागते.

आग वाढली की एकाच माणसाला सगळ्यांवर लक्ष ठेवणे जमत नाही. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात वणव्यांची मालिका लागली, तेव्हा शेकडो गाड्या आल्या, पण वेगवेगळ्या दलांचे शब्द, बिनतारी संदेशाच्या लहरी आणि हुद्दे एकमेकांशी जुळत नव्हते. त्या अनुभवातून तिथे घटना-नियंत्रणाची एक सामाईक पद्धत तयार झाली, जी आता जगभर कमीअधिक फरकाने वापरतात. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली थेट तीन ते सात माणसे असावीत, शक्यतो पाच, असा तिचा एक नियम आहे. संख्या त्यापुढे गेली की मधे आणखी एक अधिकारी नेमायचा.

मिनिटांचा हिशेब

रचनेचा दुसरा आधार घड्याळ हा आहे. बंद खोलीत आग लागली की गरम धूर छताशी साठतो आणि त्याची उष्णता खालच्या प्रत्येक वस्तूवर पडत राहते. छताजवळचे तापमान साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोचले की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतात. त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत राहत नाही. जुन्या काळी लाकूड, सूत आणि लोकर यांच्या सामानाने भरलेल्या खोलीत ही वेळ यायला अर्धा तास लागू शकत असे, तर फोम आणि प्लास्टिकच्या आजच्या सामानात ती पाच मिनिटांच्या आत येऊ शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. शहरात एकच मोठे केंद्र न ठेवता अनेक लहान केंद्रे विखरून का ठेवतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. अमेरिकेतील एका प्रचलित मानकानुसार वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेली खबर, मिळाल्यावर जवानांनी साहित्य चढवून गाडी हलवायला ८० सेकंद आणि पहिल्या गाडीने जागेवर पोचायला २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटे, एवढाच वेळ गृहीत धरलेला आहे. केंद्र कुठे बांधायचे, हा प्रश्न त्यामुळे जमिनीच्या भावापेक्षा रस्त्याच्या नकाशाने सुटतो. निदान सुटायला हवा.

वर्दी नियंत्रण कक्षात येते. फोन घेणारा माणूस आधी पत्ता विचारतो आणि मग काय जळते आहे, कोणी अडकले आहे का, हे विचारतो. कारण फोन मधेच तुटला तरी पत्ता हाताशी असला की गाडी निघू शकते. कोणत्या प्रकारच्या इमारतीसाठी किती आणि कोणत्या गाड्या पाठवायच्या हे आधीच ठरवून ठेवलेले असते, म्हणजे त्या क्षणी विचार करण्यात वेळ जात नाही. मोठ्या आगीवर एखाद्या केंद्रातल्या सगळ्या गाड्या गेल्या तर शेजारच्या केंद्रातली गाडी त्या रिकाम्या केंद्रात आणून उभी करतात. पाळ्यांमध्ये माणसे बदलतात, पण केंद्र चोवीस तासांत एक मिनिटही ओस पडत नाही.

गाडीवरच्या प्रत्येक माणसाचे काम त्याच्या बसण्याच्या जागेवरून ठरलेले असते. कोणी होज, म्हणजे पाण्याची लांब नळी, उलगडायचा, कोणी पंप चालवायचा, कोणी श्वसनयंत्र लावून आत जायचे, हे वाटेत ठरवत नाहीत. पंपावरचा यंत्रचालक या सगळ्यांत कमी दिसणारा, पण फार महत्त्वाचा माणूस असतो. एका होजमधून मिनिटाला ४०० ते ५०० लिटर पाणी जाते असे धरले आणि गाडीच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी असले, तर दोन होज चालू केल्यावर ते पाच मिनिटांत संपते. त्या पाच मिनिटांत हायड्रंट (आग विझवण्यासाठी ठेवलेली पाण्याची जोडणी) किंवा दुसरा पाणीसाठा जोडला गेला नाही तर आत गेलेल्या जवानांच्या हातातला होज कोरडा पडतो.

आत जाणाऱ्याच्या पाठीवरच्या हवेचाही असाच हिशेब ठेवतात. सिलिंडर कागदावर अर्धा-पाऊण तास पुरतो, पण धावपळीत आणि ओझे उचलताना श्वास जोरात चालतो आणि ती वेळ झपाट्याने घटते. जानेवारी १९५८ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरातील आगीत दोन जवान हवा संपून दगावले. त्यानंतर तिथे आत जाणाऱ्याने स्वतःचा बिल्ला बाहेरच्या फळ्यावर लावून जायचे, फळ्याजवळच्या माणसाने आत जाण्याची वेळ आणि हवेचा दाब लिहून तो कधी बाहेर यायला हवा हे मोजत राहायचे, या पद्धतीची सक्ती कडक झाली. त्या फळ्याजवळ उभा असलेला माणूस बघ्यांना रिकामा उभा दिसतो, पण आतल्या सगळ्यांचा जीव त्याच्या पेन्सिलीवर असतो.

कामांचा क्रम

कामांच्या बाबतीत क्रम ठरलेला आहे: आधी माणसे, मग आग पसरू न देणे, मग ती विझवणे आणि त्यानंतर मालमत्ता वाचवणे. या क्रमामुळे बघ्यांना कधी कधी विचित्र वाटणाऱ्या गोष्टी घडतात. पेटलेल्या इमारतीवर पाणी न मारता जवान शेजारच्या, अजून न पेटलेल्या इमारतीच्या भिंतीवर पाणी मारत राहतात, कारण पहिली इमारत हातची गेली आहे आणि दुसरी वाचवता येणार आहे, असा निर्णय झालेला असतो. छप्पर कापतात ते कोंडलेला धूर आणि उष्णता वर जायला वाट मिळावी म्हणून. ज्वाळा विझल्यावरही छताची फळी, भिंतीचे पॅनेल, गाद्या उचकटत बसतात ते आत धुमसणारे निखारे शोधण्यासाठी. घरमालकाला ही नंतरची तोडफोड सर्वात जास्त खटकते आणि ते स्वाभाविक आहे. पण ती टाळली तर रात्री पुन्हा त्याच पत्त्यावरून वर्दी येण्याचा धोका राहतो.

आगीखेरीज इतर कामे आता बरीच वाढली आहेत. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्याने अग्निशमन यंत्रणेवर चार मुख्य जबाबदाऱ्या टाकल्या: आगीपासून सुरक्षिततेचा प्रसार, आग विझवणे, रस्ते अपघातांत अडकलेल्यांची सुटका आणि ठरवून दिलेल्या इतर आपत्तींत मदत. अमेरिकेतील अनेक शहरांत दलाकडे येणाऱ्या वर्दींपैकी निम्म्याहून अधिक वैद्यकीय मदतीसाठीच्या असतात. कोसळलेली इमारत, रसायनांची गळती, पूर, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस, हे सगळे याच दलाकडे येते, कारण चोवीस तास तयार असलेली, साहित्य बाळगणारी आणि काही मिनिटांत पोचणारी दुसरी तुकडी शहराकडे बहुधा नसते.

हे दल कोणाच्या ताब्यात असावे, यावर मात्र जगात एकमत नाही. बहुतेक ठिकाणी ते नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे असते. भारतात १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नागरी संस्थांकडे सोपवता येणाऱ्या कामांत अग्निशमन सेवेचा समावेश आहे. जपानमध्ये १९४८ पर्यंत ती पोलिसांकडे होती, मग नगरांकडे आली. पॅरिसचे दल नेपोलियनने १८११ मध्ये सैन्याच्या हवाली केले आणि ते आजही सैन्याचाच भाग आहे, तर मार्से शहराचे दल नौदलाचे आहे. जर्मनीत मोठ्या शहरांत पगारी दल असते आणि त्याच्या जोडीला स्वयंसेवकांची दलेही असतात.

आग लागलेली असताना

आता अधिकारांकडे येऊ. आग लागली आहे, किंवा लागली असावी असे मानायला सबळ कारण आहे, अशा वेळी अग्निशमन अधिकारी बहुतेक देशांत पुढील गोष्टी करू शकतो: कोणत्याही जागेत, गरज पडल्यास दार फोडून, शिरणे, आगीला वाट देणाऱ्या किंवा शेजारच्या इमारतीतून जाणे, तिचा भाग तोडणे, रस्ता बंद करणे, वाहतूक वळवणे, गाड्या हटवणे, लोकांना बाहेर काढणे आणि आत जाण्यापासून अडवणे, जवळचा पाणीसाठा वापरणे आणि इतर भागांतला पाणीपुरवठा थांबवायला लावणे. त्याच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणे हा गुन्हा ठरतो. घरमालक ‘नको’ म्हणाला तरी हे अधिकार कमी होत नाहीत, कारण आग ही एकट्या घरमालकाची बाब राहिलेली नसते.

झालेल्या तोडफोडीचे पैसे कोणी द्यायचे, हा ब्लडवर्थ यांना अडवणारा प्रश्न पुढे लंडननेच एका छोट्या कलमाने बराचसा सोडवला. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटवरील गोदामांच्या आगीत भिंत अंगावर पडून तेच ब्रेडवुड, जे तोवर लंडनच्या दलाचे प्रमुख झाले होते, मरण पावले. त्यानंतर १८६५ मध्ये शहराच्या सार्वजनिक अग्निशमन दलाचा कायदा आला. दलाने कर्तव्य बजावताना केलेले नुकसान हे विम्याच्या करारात आगीनेच झालेले नुकसान समजावे, असे त्यात लिहिले गेले. म्हणजे जवानाने कुऱ्हाडीने फोडलेले दार आणि ज्वाळांनी जळालेले दार यांत विमा कंपनीला फरक करता येईना.

हे अधिकार मोठे असले तरी त्यांना वेळेची मर्यादा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मिशिगनमधील एका फर्निचरच्या दुकानाच्या आगीच्या खटल्यात ती नीट आखून दिली. आग विझवण्यासाठी आत जाताना वॉरंट, म्हणजे न्यायालयाचा झडतीचा परवाना, लागत नाही. विझल्यावर कारण शोधण्यासाठी वाजवी वेळ आत थांबता येते. धुरामुळे काही दिसत नसेल तर सकाळी परत येता येते. पण काही आठवड्यांनी पुन्हा पुरावा गोळा करायला जायचे असेल, तर ती साधी झडती झाली, आणि तिथे इतरांना लागू होणारे नियमच लागू होतात. कारण शोधणे हे दलाचे काम आहे. आग कोणी मुद्दाम लावली आहे असे दिसले तर पुढचा तपास बहुतेक ठिकाणी पोलिसांकडे जातो, आणि दोषी कोण हे न्यायालय ठरवते.

आग लागण्याआधी

अग्निशमन दलाचा कमी दिसणारा आणि माझ्या मते अधिक परिणामकारक अधिकार तपासणीचा आहे. तो नवा नाही. इसवी सन ६ मध्ये सम्राट ऑगस्टसने रोममध्ये व्हिजिलेस नावाचे दल उभारले. सात तुकड्या आणि प्रत्येकीकडे शहराचे दोन विभाग. त्यांचा प्रमुख निष्काळजीपणे आग हाताळणाऱ्यांना शिक्षा करू शकत असे, आणि भाडेकरूंनी वरच्या मजल्यावर पाणी भरून ठेवावे अशी ताकीद देणे हे त्याचे कर्तव्य होते, असे रोमन कायद्याच्या संहितेत नोंदलेले आहे.

तपासणीचा अधिकार नसला की काय होते हे २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसले. ट्रँगल शर्टवेस्ट कारखाना इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होता. दल लवकर पोचले, पण त्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच जात होती आणि आत जिन्याच्या एका दाराला कुलूप होते. १४६ जण मेले. दलाच्या शौर्यात कमतरता नव्हती. कुलूप आगीच्या आधी काढले गेले पाहिजे होते, आणि ते काढायला लावण्याचा पुरेसा अधिकार दलाकडे नव्हता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या दलात आग प्रतिबंधक शाखा कायद्याने स्थापन झाली.

आज अशा शाखेत बांधकामाचे नकाशे तपासणारे अधिकारी असतात. ते जिन्यांची रुंदी, बाहेर पडण्याचे मार्ग, पाण्याची टाकी, फवारे, धोक्याची घंटा पाहतात, त्रुटी दाखवतात, मुदत देतात, ना-हरकत प्रमाणपत्र देतात किंवा नाकारतात, आणि धोका तातडीचा असेल तर कायद्यानुसार जागेचा वापर बंद करायला लावतात. पण इथे घाई नसल्यामुळे अधिकारही सौम्य होतो. १९६७ मध्ये सिएटलमधील एका गोदामाच्या मालकाने तपासणीसाठी कुलूप उघडायला नकार दिला आणि त्याला झालेली शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली: संमती नसेल तर नेहमीच्या तपासणीसाठी आधी वॉरंट आणावे. ज्या माणसाला धूर दिसताच तेच दार फोडता आले असते, त्यालाच धूर नसताना दारावर थांबावे लागते.

राहता राहिला प्रश्न दल चुकले तर काय, हा. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९७ मध्ये हॅम्पशायरच्या दलासंबंधी दिलेल्या निकालात एक बारीक रेघ ओढली. दल उशिरा आले किंवा त्यांनी आग विझवण्यात पुरेसे कौशल्य दाखवले नाही, एवढ्यावरून साधारणपणे भरपाई मिळत नाही, कारण ते आले नसते तरी नुकसान झालेच असते. पण त्या घटनेत एका अधिकाऱ्याने इमारतीतच बसवलेले, चालू असलेले पाण्याचे फवारे बंद करायला सांगितले होते आणि त्यामुळे आग बळावली. फवारे चालू राहिले असते तर इमारत इतकी जळाली नसती, असे ठरले आणि दलाला भरपाई द्यावी लागली. सुरोकोचे घर उडवणारे गिअरी सुटले ते याच कसोटीवर: ते घर तसेही जळणारच होते.